साडेआठ की साडेनऊ

आमच्या घरात चार महिने एका आकड्यावरून वाद चालला होता. साडेआठ की साडेनऊ. ऐकणाऱ्याला वाटावं, नाटकाच्या वेळेबद्दल बोलणं चाललंय. आम्ही जे. पी. नगरमध्ये राहतो, रंगशंकरा घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, त्यामुळे तसं वाटणं साहजिकही होतं. पण हा आकडा होता कॉम्प्रेशन रेशोचा. बाबांच्या १९८६ सालच्या प्रीमियर पद्मिनीत कोणते पिस्टन घालायचे, हा प्रश्न होता.

पाठ्यपुस्तकात याला संपीडन गुणोत्तर म्हणतात. पिस्टन सिलिंडरच्या तळाशी असताना वरती जेवढी जागा असते, ती पिस्टन माथ्यावर पोचल्यावर कितव्या हिश्श्यापर्यंत दाबली जाते, त्याचं हे माप. साडेआठला एक म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण साडेआठ पटींनी आकसून मग ठिणगी पडणार. जितकं जास्त दाबाल तितकं तेच पेट्रोल जास्त काम करतं. भाषांतराच्या धंद्यात असल्यामुळे मला हे पटकन समजलं. कन्नडमधलं चार शब्दांचं वाक्य मराठीत आणताना आठ शब्दांवर गेलं की जोर कुठेतरी निसटतो, हे मी रोज बघते. पण फार दाबलं की काय होतं, तेही बघते.

गाडीबद्दल थोडं सांगायला हवं. पद्मिनी म्हणजे मुळात इटलीची फियाट ११००. वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती दशकानुदशकं बनत राहिली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती सगळ्यांच्या ओळखीची. तीही २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. बाबा कागलकडचे. नोकरीसाठी कोल्हापूर सोडून बंगळुरात आले आणि इथल्या एका सरकारी कारखान्यात निवृत्तीपर्यंत राहिले. दर मे महिन्यात गाडीच्या टपावर सामान बांधून आम्ही तुमकूर, चित्रदुर्ग, हुबळी, बेळगाव, निपाणी असे सहाशे किलोमीटर जायचो. बाबांनी ही गाडी कधी दुसऱ्याच्या हातात दिली नाही. दोन वर्षांपूर्वी ते गेले, आणि गाडीची किल्ली माझ्याकडे आली.

इंजिन धूर टाकत होतं, तेल पीत होतं. सारक्कीच्या मागच्या गल्लीत एक म्हातारे मेस्त्री आहेत, जुन्या गाड्यांचंच काम करतात. त्यांनी हेड उतरवलं, पिस्टन बाहेर काढले आणि तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन पुसून माझ्या हातात ठेवला. त्याच्या माथ्याच्या कडेला मिरपूड सांडल्यासारखे बारीक खड्डे होते. वरच्या दोन रिंगांमधली जी पट्टी असते, तिचा नखाएवढा तुकडा उडालेला होता.

“गाडी टिकटिक मारती थी मॅडम,” ते म्हणाले. “भोत दिनाँ से. किसीकू सुनाई नै दिया.”

या टिकटिकीला इंग्रजीत नॉक म्हणतात, आणि तो शब्द मराठीत आणताना दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते, म्हणून जरा थांबते. ठिणगी पडली की ज्योत सिलिंडरमध्ये एका बाजूकडून दुसरीकडे पसरत जाते. ती शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आतच तिथलं उरलेलं मिश्रण दाबानं आणि उष्णतेनं आपोआप, एकदम पेटलं, तर तो नॉक. ठिणगी पडायच्या आधीच एखाद्या लाल झालेल्या काजळीच्या खड्यानं मिश्रण पेटवलं, तर तो वेगळा आजार, अकाली ज्वलनाचा. पहिला हळूहळू कुरतडतो, दुसरा एका चढात पिस्टन वितळवू शकतो. गॅरेजात दोन्हींना ‘इंजिन ठोकतंय’ म्हणतात. आमच्या पिस्टनवरचे खड्डे पहिल्या प्रकारचे होते. डिस्ट्रिब्यूटर कधीतरी जरा पुढे फिरवलेला राहिला होता, त्यामुळे ठिणगी हवी त्याच्या आधी पडत होती; आत काजळीचा जाड थर बसून मोकळी जागा कमी झाली होती. दोन्ही किरकोळ गोष्टी. वेळेवर ऐकू आल्या असत्या तर दहा मिनिटांत बंदोबस्त झाला असता.

ऐकू का आल्या नाहीत, ते मला नंतर कळलं. नॉकचा धक्का सिलिंडरमध्ये इकडून तिकडे आपटतो आणि धातू वाजतो. किती उंच स्वरात वाजतो, ते सिलिंडरच्या व्यासावर ठरतं. ६८ मिलिमीटरच्या सिलिंडरला हा स्वर सात-आठ हजार हर्ट्झच्या आसपास येतो, म्हणजे काचेच्या बांगड्या लांबवर किणकिणाव्यात तसा. आणि वय झालं की माणसाचे कान वरच्या स्वरांपासूनच जायला लागतात. बाबा शेवटची सात-आठ वर्षं टीव्हीचा आवाज वाढवत होते, आईला “तू पुटपुटतेस” म्हणत होते आणि कानाच्या डॉक्टरकडे जायला नकार देत होते. सगळं आयुष्य ज्या गाडीचा प्रत्येक आवाज त्यांना पाठ होता, तिची तक्रार नेमकी त्यांना न ऐकू येणाऱ्या स्वरात चालली होती. तो पिस्टन मी घरी आणला. आईनं तो हातात फिरवून पाहिला आणि काही न बोलता कपाटात बाबांच्या चष्म्याशेजारी ठेवून दिला.

सिलिंडर झिजले होते, ते मोठे करून घेणं भाग होतं. त्यामुळे नवे पिस्टन येणारच होते, आणि इथेच पुण्याहून माझ्या धाकट्या भावाचा फोन आला.

“ताई, नाहीतरी सगळं उघडलंयच, तर साडेनऊचे घालू. फोर्ज्ड. घुमटाच्या माथ्याचे. गाडी पळेल तरी.”

त्याचं म्हणणं उथळ नव्हतं. लहानपणी बाबांनी त्याला मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर होणाऱ्या शर्यतींच्या गोष्टी सांगितल्या होत्या. तिथे याच साध्या फियाट कशा पळायच्या, हे सांगताना बाबांचा चेहरा बदलायचा. ती गाडी बाबांना हवी होती आणि संसारामुळे जमली नाही, असं भावाला वाटतं. त्याच्याकडे एक अमेरिकन पुस्तकही होतं, आणि त्यात स्पष्ट लिहिलं होतं की पंपावरच्या ९१ ऑक्टेनच्या पेट्रोलवर साडेनऊ निर्धास्त चालतं. आपल्याकडे साधं पेट्रोल वर्षानुवर्षं ९१ चंच होतं. मग अडचण काय?

अडचण भाषांतराची होती.

ऑक्टेनचा आकडा ही एक तुलना आहे. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो यांनी चालू असतानाच कॉम्प्रेशन कमीजास्त करता येईल असं एक इंजिन बनवलं आणि कोणतं इंधन किती दाब सोसतं ते तपासलं. इंजिनाची मर्यादा बहुतेक वेळा इंधन ठरवतं, हे त्यातून पक्कं झालं. १९२६ साली अमेरिकेत ग्रॅहम एडगर यांनी मोजपट्टी सुचवली: आयसो-ऑक्टेनला १०० म्हणायचं, नॉर्मल हेप्टेनला शून्य. हे शुद्ध हेप्टेन सुरुवातीला जेफ्री पाइन नावाच्या झाडाच्या चिकापासून मिळवत. एखादं पेट्रोल ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेनच्या मिश्रणाइतकं सोसत असेल, तर ते ९१ चं.

पण सोसणं कुठल्या परिस्थितीत? एका चाचणीत इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांवर सौम्यपणे चालवतात. तो रिसर्च आकडा. दुसरीत ९०० फेऱ्या आणि जवळजवळ १५० अंशांपर्यंत तापवलेलं मिश्रण. तो मोटर आकडा. दुसऱ्या चाचणीत त्याच पेट्रोलचे गुण आठ-दहांनी कमी भरतात. भारतात पंपावर रिसर्च आकडा लिहितात. अमेरिकेत दोन्हींची सरासरी लिहितात. म्हणजे अमेरिकन पुस्तकातलं ९१ आपल्याकडे ९५-९६ होतं, आणि आपलं जुनं ९१ तिकडे ८७ च्या आसपास, त्यांच्या सगळ्यात साध्या पेट्रोलाइतकं. कन्नडमध्ये ‘अवसर’ म्हणजे घाई आणि मराठीत संधी. शब्द ओळखीचा म्हणून तसाच उचलला की वाक्य उलटं होतं. आकड्यांतही असे फसवे नातेवाईक असतात, आणि ते शब्दांपेक्षा जास्त फसवतात, कारण आकड्याला भाषा नसते अशी आपली समजूत असते.

भाऊ इंजिनिअर आहे. त्यानं हे मान्य केलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला. “पण ताई, आता पेट्रोल ९१ चं राहिलेलंच नाही. वीस टक्के इथेनॉल आलंय. आता ९५ आहे.”

हेही खरं होतं. आपल्या पेट्रोलमधलं इथेनॉल २०२२ मध्ये दहा टक्क्यांवर पोचलं आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर. इथेनॉल स्वतः दाब उत्तम सोसतं, बाष्प होताना मिश्रण थंडही करतं, त्यामुळे ऑक्टेन वाढतो. एकेकाळी हेच काम शिसं करायचं. १९२१ च्या डिसेंबरात थॉमस मिजली यांना त्याचा गुण सापडला आणि मग जगभरची इंजिनं त्याच्या जोरावर जास्त दाबू लागली; किंमत मोजली रस्त्याकडेच्या पोरांच्या रक्तानं. भारतभर शिसंविरहित पेट्रोल आलं ते २००० च्या फेब्रुवारीत. आता शिशाच्या जागी ऊस आहे. बाबांच्या गावचा ऊस कारखान्यात जातो, त्यातलं काही इथेनॉल होऊन कुठल्यातरी टाकीत येतं. बाबांना ही गोष्ट फार आवडली असती.

पण इथेनॉलचं दान अटींसह येतं. पेट्रोलच्या एका भागाला जळायला सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त नऊ. नव्या गाड्यांचा कॉम्प्युटर हे ओळखून इंधन वाढवतो. आमचा कार्ब्युरेटर १९८६ सालच्या पेट्रोलच्याच हिशोबानं थेंब सोडतो, म्हणजे मिश्रण पातळ होतं आणि जेट मोठे करावे लागतात. रबरी नळ्याही बदलाव्या लागतात. दुसरी अट मला जास्त महत्त्वाची वाटली. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी एका मर्यादेपुढे गेलं की इथेनॉल त्याच्याबरोबर पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि वर उरतं ते वाढीव ऑक्टेन गमावलेलं पेट्रोल. रोज चालणाऱ्या गाडीत हे सहसा घडत नाही. आमची गाडी मात्र पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे उभी असते. जुनी टाकी, सैल झाकण, दमट हवा. पंपावर मिळालेले चार गुण टाकीत टिकतीलच असं नाही.

मग महागाचं पेट्रोल? बंगळुरात ते सहज मिळतं; अगदी शंभर ऑक्टेनचंही. पण चित्रदुर्गाच्या पुढे रात्री काटा खाली आला तर जो पंप उघडा असेल त्याच्यासमोर थांबावं लागतं. रस्त्यावरची गाडी म्हणजे काय, याची माझ्यापुरती व्याख्या तीच आहे: जिला निवड करायची मुभा नाही ती.

एक गोष्ट भावाच्या बाजूनं होती आणि तीच मला शेवटी उलटी दिसली. बंगळूर समुद्रसपाटीपासून ९२० मीटर उंच आहे. इथे हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सुमारे दहा टक्के कमी. सिलिंडरमध्ये मुळातच कमी हवा शिरते, म्हणून दाबल्यावरचा दाबही कमी राहतो. त्यामुळे जे. पी. नगरात साडेनऊचं इंजिन गुण्यागोविंदानं चालेल. रिंगरोडला सारक्कीच्या सिग्नलवर तापेल, तेवढंच. पण मावशी रत्नागिरीला राहते. आंबा घाट उतरून आपण खाली जातो, आणि येताना साखरप्यापासून तोच घाट चढतो. मे महिन्याची दुपार, दाट आणि गरम हवा, गाडीत चार माणसं आणि आंब्याच्या पेट्या, दुसरा गिअर, पाय पूर्ण दाबलेला, इंजिनाच्या फेऱ्या मात्र कमी. नॉकला हवी असते ती सगळी सामग्री एकाच चढावर. माझ्या मते पिस्टन निवडायचा तो त्या चढासाठी. आकडा घरच्या रस्त्यावर ठरवून चालत नाही.

मेस्त्रींकडे एका रविवारी आम्ही तिघं बसलो. हेडवर जाड पारदर्शक पत्रा ठेवून, त्याच्या भोकातून ब्युरेटनं रॉकेल सोडत त्यांनी प्रत्येक कोनाडा मोजला. हेड, गॅस्केट वगैरे सगळी जागा धरून जुन्या इंजिनाचा आकडा ७.६ आला: पिस्टनच्या धावेची २७२ सीसी आणि वर उरणारी ४१ सीसी, अशी मिळून सगळी जागा दाबून ४१ सीसीत. बोअर ६८.६ मिलिमीटर केल्यावर पिस्टनची हद्द २७७ सीसी होणार. साडेआठला ३७ सीसी जागा उरवायची, साडेनऊला साडेबत्तीस. वहीत हे मांडून झाल्यावर भावानं स्वतःच पुढचं गणित केलं. आदर्श इंजिनाच्या सूत्राप्रमाणे ७.६ वरून ८.५ ला गेलं की कार्यक्षमता साडेतीन टक्के वाढते. ८.५ वरून ९.५ ला जाताना आणखी सव्वातीन. चाळीसेक अश्वशक्तीच्या गाडीत ही शेवटची झेप सव्वा अश्वशक्तीची.

“एवढंच?” तो म्हणाला.

शर्यतीत एवढंच पुरतं. तिथे इंधन आपल्या पसंतीचं असतं, कॅमशाफ्ट असा असतो की व्हॉल्व्ह उशिरा मिटून कागदावरचं कॉम्प्रेशन प्रत्यक्षात सौम्य होतं, आणि इंजिन दर हंगामात उघडतात. साध्या कॅमवर तोच आकडा पुरा अंगावर येतो. घुमटाच्या माथ्याबद्दल मेस्त्रींचं मत आणखी स्पष्ट होतं. पिस्टनच्या माथ्यावरचा उंचवटा ज्योतीच्या वाटेत डोंगरासारखा उभा राहतो. ज्योत वळसा घालून जाईपर्यंत पलीकडचं मिश्रण वाट पाहत तापत राहतं. सपाट माथा हेडच्या सपाट भागाजवळ आला तर उलट मिश्रण मधे ढकललं जातं आणि लवकर जळतं. फोर्ज्ड पिस्टन मार सोसतात, पण गरम झाल्यावर जास्त फुगतात, म्हणून ढिले बसवावे लागतात आणि सकाळी थंड इंजिन वाजतं.

“जास्ती नक्को साब,” ते भावाला म्हणाले. “कास्टिंगच डालो, प्लेन. अम्मा बैठती ना गाडी में.”

जे. सी. रोडच्या दुकानांत दोन दिवस फिरून सपाट माथ्याचे, जुन्यापेक्षा सुमारे १.२ मिलिमीटर उंच पिस्टन जमवले. बसवण्याआधी मेस्त्रींनी माथ्यावर पोरांच्या खेळण्यातली मऊ माती थापली, हेड आवळून इंजिन हातानं दोन फेरे फिरवलं, परत उघडलं, आणि मातीवर व्हॉल्व्हचा ठसा किती खोल उमटलाय ते ब्लेडनं कापून मोजलं. जागा पुरेशी होती. चारही कोनाडे एकसारखे करायला मात्र त्यांनी एक अख्खी दुपार घालवली. चार सिलिंडरांची सरासरी साडेआठ असून उपयोग नाही, एक जरी नऊ निघाला तरी टिकटिक त्याचीच, असं त्यांचं म्हणणं. संपादकांनी भाषांतराबद्दल हेच म्हणावं असं मला वाटलं. पण ते असो.

भाऊ नाराज होता का? थोडा. बाबांना हवी होती ती गाडी अजून कुणी बनवलेली नाही, हे त्याचं म्हणणं मी खोडून काढू शकत नाही. आई त्याला म्हणाली, “अरे, तुझ्या बाबांना पळायचं असतं तर पळाले असते. त्यांना सगळ्यांना घेऊन गावाला जायचं होतं.” हे कितपत खरं, मला सांगता येणार नाही. आईनंही त्यांचं एक भाषांतर करून ठेवलंय आणि ते तिच्यापुरतं चालतं.

या मे महिन्यात आम्ही रत्नागिरीला जाऊन आलो. परतताना साखरप्याच्या पुढे मी काच खाली केली, पाय दाबला आणि कातळाच्या भिंतीवरून परत येणारा आवाज ऐकत राहिले. किणकिण नव्हती. पण मी ऐकत होते ते माझ्या आजच्या कानांनी. नव्या गाड्यांमध्ये ब्लॉकवर एक सेन्सर असतो, तो नॉक ओळखून ठिणगी आपोआप मागे घेतो; आमच्या गाडीत ते काम चालवणाऱ्याच्या कानाचं आहे. मी सत्तेचाळीस वर्षांची आहे. आणखी पंधरा-वीस वर्षांनी सात-आठ हजार हर्ट्झ मलाही ऐकू येणार नाहीत आणि मीही कुणालातरी “पुटपुटू नकोस” म्हणेन. साडेआठ आणि साडेनऊच्या मधली जी सव्वा अश्वशक्ती आम्ही सोडून दिली, ती त्या दिवसांसाठी शिल्लक ठेवली आहे.